मुक्काम पोस्ट



पत्ता लिहिण्याची जी रीत आपल्या मराठीत रूढ झाली आहे, तिच्या आरंभीच दोन शब्द जोडीने येतात. मुक्काम आणि पोस्ट. आपण ते इतक्या सवयीने लिहितो की त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाही. ‘मु. पो.’ एवढी दोन अक्षरे, त्यांच्यापुढे दोन टिंबे, आणि मग गाव. पण यातला मुक्काम हा शब्द मूळचा प्रवाशाचा. दिवसभर चालून थकलेला माणूस रात्रीपुरता जिथे बिऱ्हाड उतरवतो तो त्याचा मुक्काम. पोस्ट मात्र पक्के. ते आपल्या जागेवरून हलत नाही. कोकणात तर मुक्काम एका वाडीत आणि पोस्ट दोन कोस पलीकडच्या गावात, असा प्रकार नित्याचा. म्हणजे माणूस राहतो ती जागा निराळी आणि त्याला कागद पोचतो ती जागा निराळी, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. सरकारी नमुन्यांनी ते अजून ओळखलेले नाही, आणि आजचे माझे बोलणे त्या तफावतीविषयी आहे.

हा विषय मला सुचला तो एका तरुण जोडप्यामुळे. दोघेही माझ्या परिचयाची. त्यांनी उपनगरातली भाड्याची जागा सोडली, एक जुनी मोठी गाडी घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि काम करायचे मेज बसवून घेतले, आणि संसार चाकांवर घातला. पावसाळा घाटावर, हिवाळा गोव्यात, उन्हाळा हिमाचलात. पोटापाण्याचे काम संगणकावर होते, तेव्हा मालकाला ती कुठे आहेत याची फारशी पंचाईत नाही. आपल्याला हे खूळ वाटेल. मलाही थोडेसे वाटले. पण महाराष्ट्र शासनानेच २०२१ साली असल्या फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण काढले आहे, तेव्हा खूळ म्हणून ते निकालात काढता येत नाही.

अडचण आली ती अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर. तोवर तो करार हाच त्यांचा पत्ता होता. बँकेला पत्ता हवा. खातेदाराच्या जोखमीप्रमाणे दोन, आठ किंवा दहा वर्षांनी बँक तो पुन्हा तपासते. पारपत्राला सध्याचा पत्ता हवा, आणि त्याची चौकशी करायला पोलीस घरी येणार. आणि सगळ्यांत मौजेची गोष्ट म्हणजे, ज्या गाडीला त्यांनी घर केले त्या गाडीलासुद्धा घर हवे! १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणे वाहनाची नोंदणी मालकाच्या राहत्या किंवा धंद्याच्या जागेवरून होते, आणि मालकाने जागा बदलली तर तीस दिवसांत कळवावे लागते. ही मंडळी तीस दिवस एका जागी राहतात कुठे?

तेव्हा मुलगा आपल्या मावशीकडे आला. मावशी दादरला राहतात, पागडीच्या जुन्या चाळीत, दोन खोल्यांत, एकट्या. मुलगा म्हणाला, “मावशी, तुझा पत्ता देऊ का?” मावशींनी त्याला जेवायला वाढले, पण उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मला विचारायला आल्या. त्यांची भीती अशी: परक्या आडनावाची पाकिटे दारात येऊ लागली, पोलीस चौकशीला आले, आणि उद्या घरमालक म्हणाला की बाईंनी पोटभाडेकरू ठेवला आहे, तर? भाडेनियंत्रणाच्या कायद्यात बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून मागण्याचे एक कारण आहे. १९४७ च्या कायद्यात ते होते, १९९९ च्या कायद्यातही आहे. बहिणीच्या मुलाची पत्रे ठेवून घेतल्याने कोणी पोटभाडेकरू होत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. धोबीतलावच्या कोर्टात जाऊन ते पटवायचे कोणी? मी?”

या प्रश्नाला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. परंतु विचार करता करता ध्यानात आले की ज्या गावात आपण बसलो आहोत, त्या गावाने हा प्रश्न शंभर वर्षे रोज सोडवला आहे.

परळ-लालबागचा गिरणगाव आठवून पाहा. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आलेला चाकरमानी राहत कुठे होता? खोलीत, असे आपण म्हणतो. पण खोली ही राहण्याची जागा असती तर एका दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसे मावली कशी? ती एका वेळी मावतच नव्हती. एक पाळी गिरणीत, एक पाळी झोपलेली, एक पाळी नाक्यावर किंवा गॅलरीत. उन्हाळ्यात निम्मे बिऱ्हाड पदपथावर नाही तर गच्चीवर. जेवण खाणावळीत, एखाद्या कामगाराच्या बायकोने पाचपंधरा माणसांचे पोळपाट-लाटणे सांभाळलेले. (याच खाणावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.) मग त्या खोलीत माणसाचे स्वतःचे असे काय होते? एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, खुंटीवरचा सदरा, आणि पत्ता.

पत्ता हा त्यांतला सर्वांत मोलाचा ऐवज होता. खोली एकाच्या नावावर, भाड्याची पावती त्याच्या नावे, आणि बाकी साऱ्यांची पत्रे ‘मार्फत’ म्हणून त्याच्याकडे. गावाहून आलेल्या पाकिटावर आधी चाकरमान्याचे नाव, खाली मार्फत अमका, मग खोलीचा नंबर, चाळीचे नाव, नाका. पोस्टमन हाक मारी ती खोलीच्या नावाने. ज्याचे पत्र तो पाळीवर असे. पत्र पेटीवर ठेवले जाई. त्याला वाचता येत नसेल तर खोलीतला वाचता येणारा ते वाचून दाखवी, आणि वाचताना दोन ओळी गाळायच्या असतील तर गाळी. बैल गेला हे सांगावे, म्हातारी गेली हे पाळी संपल्यावर सांगावे, एवढा पोच त्या मार्फतवाल्याला असे. परतीची मनिऑर्डर, तिच्या तळाशी मजकुराला असलेली चार बोटे जागा, आणि महिनाभराने सहीची किंवा अंगठ्याची पोच. या एका धाग्यावर कोकणातली किती घरे उभी राहिली! ती कागदी मनिऑर्डर २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक झाली. पण तो धागा पोस्टखात्याइतकाच खोलीतल्या मार्फतवाल्यानेही सांभाळला होता.

या खोल्यांपैकी पुष्कळ गावकीच्या होत्या. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, वर्गणीवर चालणाऱ्या. गावाहून नवा मुलगा बोटीतून किंवा पुढे एस.टी.तून उतरला की तडक तिथे जाई. नोकरी लागली नव्हती, बदलीवर उभे राहायचे होते, भाडे द्यायला पैसा नव्हता, तरी पत्ता होता. आणि पत्ता होता म्हणून गिरणीच्या कचेरीत नाव घालता येत होते.

आता परळहून जरा धोबीतलावला चला. मावशी ज्या कोर्टाला भितात ते लघुवाद न्यायालय तिथेच, आणि त्याच परिसरात जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्याच्या गावांचे क्लब आहेत. गोंयकार त्यांना कूड म्हणतात. असे क्लब एके काळी धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत शेकड्यांनी होते. प्रत्येक गावाचा आपला. दिवाणखान्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना, आणि भिंतीच्या कडेने ओळीने लावलेल्या ट्रंका. या ट्रंका बहुतेक दर्यावर्दी लोकांच्या. आगबोटीवर खानसामा, स्वयंपाकी, खलाशी म्हणून चढलेला माणूस वर्षातले आठ-दहा महिने पाण्यावर. त्याचे घर म्हणजे एक हलते वाहन. आमच्या जोडप्याच्या गाडीहून पुष्कळ मोठे, इतकाच फरक. तो अंथरूण घालायला कुडीत क्वचित येई. पण महिन्याची किरकोळ वर्गणी भरत राही, आणि त्या वर्गणीत त्याला तीन गोष्टी मिळत: ट्रंकेला जागा, उतरल्यावर चटईपुरती जमीन, आणि शिपिंग ऑफिसात लिहून द्यायला मुंबईचा पत्ता. बोट मिळण्याची वेळ आली की बोलावणे त्या पत्त्यावर येई. पत्ता नसता तर बोटही नसती.

या दर्यावर्द्यांची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. समुद्रावर राहणारा माणूस कुठला रहिवासी, हा प्रश्न सरकारने टाळला नाही. त्याने तो मोजून सोडवला. १९५८ च्या नौकानयन कायद्यात खलाशाच्या पगाराचा काही भाग परस्पर कुटुंबाला देण्याची सोय केली. १९६१ च्या आयकर कायद्यात वर्षातले १८२ दिवस ही रेघ आखली, आणि पुढे नियम असा केला की परदेशी सफरीवर जाणाऱ्या बोटीवरचे दिवस खलाशाच्या नोंदवहीतल्या चढल्या-उतरल्याच्या तारखांवरून धरावेत. म्हणजे माणूस कुठे आहे ते त्याच्या घराला विचारायचे नाही, त्याच्या वहीला विचारायचे.

आणि सैनिकाचे पाहा. सातारा-कोल्हापूरकडच्या घराघरांत मुलाला पत्र लिहिण्याचा सराव आहे. पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि ‘मार्फत ५६ एपीओ’. पलटण लडाखात असली तरी पत्र पोचते. माणूस हलतो, पत्ता हलत नाही. १९७२ च्या १५ ऑगस्टला आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो योजला कोकणातल्याच एका विद्वानाने, पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतात नाटके-काव्ये रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. त्यांच्या सहा अंकांत पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्टाचे. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२, हे आपल्याला पाठ आहे. त्यातला नऊ हा आरंभीचा अंक सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला. जमिनीची आठ खाती, आणि एक खाते ज्यांना जमीन ठरलेली नाही त्यांचे! मतदानाचेही तसेच. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की सैनिक सेवेत नसता तर जिथे सामान्यतः राहिला असता, तिथलाच तो रहिवासी समजावा. सरकारच्या मनात आले म्हणजे जागेवाचूनचा पत्ता निर्माण करता येतो, हे यावरून दिसते. सैनिकाची हमी सरकार घेते. खलाशाची हमी त्याची वही आणि कूड घेत असे. चाकरमान्याची हमी खोली घेत असे.

माझे म्हणणे एवढेच आहे की पत्त्याच्या मुळाशी चार भिंती असतात हा समज अपुरा आहे. त्याच्या मुळाशी ‘हा आमचा, याचे काही आले तर आमच्याकडे द्या’ असे म्हणणारे कोणीतरी असावे लागते.

कायद्याकडे वळतो, कारण आमच्या जोडप्याला बँकेत हे तत्त्वज्ञान सांगून भागणार नाही. रहिवासी हा शब्द कायद्यात एक आहे आणि त्याचे अर्थ अनेक. आधारसाठी रहिवासी म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला. कोणत्या गावी ते तिथे गौण. मतदारासाठी ‘सामान्यतः रहिवासी’, आणि त्याची व्याख्या मोठी मार्मिक आहे. नुसते घर मालकीचे आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी राहिला नाही असेही होत नाही. चिपळूणला वडिलोपार्जित घर असलेल्या परळच्या कामगाराने मत परळला द्यायचे, हे यावरून ठरते. दोन्हीकडे नाव ठेवणे गुन्ह्यात जमा; याद्या पाहिल्या तर हा गुन्हा पुष्कळ सज्जनांकडून घडलेला आढळेल. असो. तिसरे अधिवास प्रमाणपत्र, ज्याला आपण डोमिसाईल म्हणतो. त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात सांगितले की या देशात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्याचा निराळा अधिवास ही बोलण्याची चूक आहे. पण तहसील कचेरीच्या खिडकीवर बोलण्याची चूकच चालते.

आणि ज्याला छप्परच नाही त्याचे काय? येथे निवडणूक आयोगाने केलेली एक सूचना मला फार आवडते. बेघर माणसाने मतदार म्हणून अर्ज केला तर त्याच्याकडे वास्तव्याचा कागद मागायचा नाही. केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन पाहायचे, एकापेक्षा अधिक रात्री, की हा माणूस खरोखर इथे झोपतो काय. झोपत असेल तर तो तिथला मतदार. रात्री बॅटरी घेऊन पुलाखाली माणूस झोपला आहे का ते पाहणारा सरकारी नोकर, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एवढा साधा आणि एवढा प्रामाणिक नियम मी कायद्याच्या पुस्तकात दुसरा वाचला नाही. मात्र आमच्या जोडप्याला त्याचा उपयोग नाही. अधिकारी तिसऱ्या रात्री येईल तेव्हा गाडी कारवारला.

पोस्टाच्या जुन्या सोयी आहेत, त्याही सांगतो. मोठ्या पोस्टात ‘पोस्ट रेस्तांत’ म्हणून पत्र ठेवून घेण्याची पद्धत आहे. प्रवाशाने येऊन ओळख पटवून न्यावे. बोरीबंदरच्या १९१३ साली पुऱ्या झालेल्या त्या घुमटाखाली अशी किती पत्रे वाट पाहत पडली असतील! पोस्टपेटी भाड्याने मिळते. जागा बदलल्याचे लेखी कळवले तर काही काळ पत्रे पुढे धाडतात. आणि २०२५ साली पोस्टखात्याने ‘डिजिपिन’ नावाची नवी योजना काढली आहे. देशातल्या प्रत्येक चार मीटर चौरसाला दहा अक्षरांचा स्वतंत्र अंक. विहीर, देऊळ, शेतातली झोपडी यांना तो फार उपयोगी. पण गाडी एक खांब पुढे लावली की अंक बदलला! जागा अधिक बारीक मोजली म्हणून फिरत्या माणसाचा प्रश्न सुटत नाही.

येथवर आपण हौसेने फिरणाऱ्यांचे आणि पोटासाठी फिरणाऱ्यांचे पाहिले. तिसरे आहेत ते जन्माने फिरते, आणि त्यांच्याविषयी बोलताना मला आवाज थोडा खाली आणावासा वाटतो. गाढवावर बिऱ्हाड टाकून चालणारा कैकाडी, गाड्यावर भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव जाणारा घिसाडी, वडार, वैदू, गोपाळ, पारधी. चाकांवरचा संसार आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. शिमल्याच्या वाटेवर तो हौस ठरतो आणि सांगोल्याच्या वाटेवर संशय. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्यात अडकलेल्या जमातींतल्या माणसाला आपला मुक्काम पोलिसांना कळवावा लागे, हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय हलता येत नसे. सोलापुरात तर तारांच्या कुंपणात वसाहती केल्या. म्हणजे सरकारने त्यांना पत्ता विचारला तो पत्र पाठवण्यासाठी नव्हे. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाल्यावर. आणि त्यानंतर चक्र उलटे फिरले. कालपर्यंत ज्यांचा मुक्काम रोज लिहून घेतला जात होता, त्यांना आज सांगण्यात येऊ लागले की तुमचा पत्ता नाही, सबब रेशनकार्ड नाही, दाखला नाही, शाळेत नाव नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, ते आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास या जमातींचे प्रश्न केंद्र सरकारपुढे मांडले. आधारचा पहिला क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, हा योगायोग नसावा. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही त्याच्यासाठी ‘ओळख देणारा’ माणूस चालेल, अशी तरतूद त्या योजनेने आरंभीच ठेवली होती. पाहा, पुन्हा मार्फतवाला आला! गिरणगावच्या खोलीत जो नियम होता तोच दिल्लीच्या कचेरीला शेवटी पत्करावा लागला.

आता या विषयातली जी गोष्ट मला बोचते तिच्याकडे येतो. खोली गेली म्हणजे पत्ताही जातो, आणि पत्ता गेल्याचे माणसाला फार उशिरा कळते.

१९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच एकामागून एक बंद झाल्या. माणसे गावी गेली. काही म्हणत, दोन महिन्यांत परत येऊ, आणि पेटी खोलीतच ठेवून गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा काही वाटा कामगारांच्या घरांसाठी राखला गेला. १९८२ च्या १ जानेवारीस किंवा त्यानंतर जो कामावर होता तो अर्ज करू शकतो असे ठरले. २०१२ पासून घरांच्या सोडती निघाल्या. २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता तपासण्याची मोहीम घेतली. पुरावे काय मागितले? गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, रजेची नोंद, भविष्यनिधीचा किंवा कामगार विम्याचा क्रमांक. चाळीस वर्षांपूर्वीचे हे कागद कुठे असतात? पत्र्याच्या पेटीत. आणि पेटी कुठे? त्या खोलीत. आणि खोली?

लालबागच्या नाक्यावर उभे राहून वर मान केली म्हणजे उत्तर मिळते. तिथे आज मनोरे आहेत. जुन्या चाळीच्या पत्त्यावर पत्र आले तर पोस्टमनाने शेरा मारण्याखेरीज काय करावे? पत्ता धारक सोडून गेला. पत्र परत. यात कायद्याची एक मेख आहे, ती सर्वांनी लक्षात ठेवावी. १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाचे सत्ताविसावे कलम असे सांगते की योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून, नोंदणी करून पत्र टाकले म्हणजे, उलट सिद्ध होईपर्यंत, ते पोचले असे समजावे. म्हणजे तुम्ही दिलेला पत्ता हे तुमचे कानच आहेत. त्या कानात कोणी काही सांगितले, तर तुम्ही ऐकले असे धरले जाते. मग कान लालबागला राहिला आणि तुम्ही राजापूरला असलात तरी. उलट सिद्ध करण्याचा अधिकार आहे खरा, पण तो बजावायला आधी पत्र आल्याचे कळावे लागते!

अशा वेळी एखाद्या म्हाताऱ्याचे पत्र त्याला मिळते ते कसे? मी जे पाहिले ते सांगतो. जुन्या खोलीतला एकजण शेजारच्याच गल्लीत राहिलेला असतो. पोस्टमन त्याला ओळखतो. तो पाकीट घेतो, गावच्या मंडळातल्या कोणाला तरी फोन करतो, आणि गणपतीला जाणाऱ्या गाडीतून ते पाकीट वाडीवर पोचते. कुठल्याही नमुन्यात या माणसासाठी रकाना नाही. जिथे तो आहे तिथे खोली पाडल्यानंतरही पत्ता शिल्लक राहतो. जिथे तो नाही तिथे खोली उभी असून पत्र परत जाते.

तेव्हा दादरच्या मावशींना मी काय सांगितले? व्यवहाराचे सांगितले. एक म्हणजे मुलाने पत्ता वापरायचा तर एकच वापरायचा; बँकेला दादर, गाडीला पुणे, मतदारयादीला सासर, असा पसारा करायचा नाही. दुसरे, मावशींच्या घरमालकाला आधीच साधे पत्र द्यावे: माझ्या बहिणीचा मुलगा, प्रवासात असतो, त्याची टपालापुरती सोय माझ्याकडे आहे, तो भाडे देत नाही व जागेवर त्याचा हक्क नाही. लपवलेल्या गोष्टीचा पुरावा होतो, सांगितलेल्या गोष्टीचा तसा होत नाही. हेच मुलानेही आपल्या सहीने लिहून मावशींना द्यावे. उद्या चाळीचा पुनर्विकास निघाला तर ते कामाला येईल. तिसरे, नोंदणीची पत्रे मावशींनी घ्यावीत असा लेखी अधिकार त्याने पोस्टात द्यावा. कर्जाच्या कागदावर मात्र हा पत्ता मावशींना विचारल्याशिवाय घालू नये. वसुलीवाले दारात आले तर त्या एकट्या बाईने काय करायचे? पारपत्रासाठी तो स्वतः येऊन राहील तेव्हाच अर्ज करावा, म्हणजे पोलीस येतील तेव्हा दार तोच उघडील. आणि आधारमधला पत्ता बदलताना, घरच्या प्रमुखाच्या संमतीने तो बदलण्याची जी सोय २०२३ पासून झाली आहे, ती आईवडील, पतिपत्नी, मुले अशा नात्यांसाठी आहे. मावशी तिच्यात बसते की नाही हे आधी केंद्रावर जाऊन विचारावे.

हे सर्व मी एका कागदावर लिहून दिले. मावशींनी तो दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, “भीती गेली असे नाही. पण त्याची आई गेली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला होता. आता तो कुठे राहतो म्हणून कोणी विचारले तर मी नाही कसे म्हणू?”

गेल्या महिन्यात त्यांचा मला फोन आला. मुलाच्या नावाचे पहिले पाकीट आले होते, बँकेचे. तो तेव्हा स्पितीच्या खोऱ्यात कुठेतरी, फोन लागत नव्हता. त्यांना एवढेच विचारायचे होते: पाकीट फोडून वाचून ठेवायचे, की नुसते ठेवायचे?